स्मृतीचे मुद्दल

घरातील वडीलधारे माणूस गेले की त्याच्यामागे काहीतरी करावे, असे प्रत्येक कुटुंबास वाटते. जबलपूर जिल्ह्यातील मझौलीसारख्या गावात तेराव्याच्या पंक्तीवर मोठी रक्कम खर्च होते. तिची आठवण मात्र वर्षभरही टिकत नाही. त्याच रकमेतून दिवंगताच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू झाली, तर ते नाव अनोळखी घरांतही कृतज्ञतेने घेतले जाते.

याचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. नाना शंकरशेट १८६५ साली निवर्तले. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात सर्वप्रथम येणाऱ्यास त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळू लागली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. देशमुखांचा जन्मच नानांच्या मृत्यूनंतर सुमारे साडेतीस वर्षांनी झालेला. हाच विद्यार्थी १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला.

परंतु सर्वच स्मृतिनिधींच्या नशिबी असे भाग्य नसते. पन्नास वर्षांपूर्वी १०१ रुपयांत शालेय पुस्तके येत. आज तेवढ्यात एक मार्गदर्शिकाही येत नाही. मुद्दल सुरक्षित असते, पण त्याची क्रयशक्ती झिजते आणि शेवटी उरते ते फलकावरचे नाव. म्हणून शिष्यवृत्ती ठेवताना भावनेइतकाच हिशेबही महत्त्वाचा आहे.

समजा, १ लाख रुपयांच्या मुदत ठेवीवर ६ टक्के दराने वर्षाला ६,००० रुपये व्याज मिळाले. त्यातील ४,५०० रुपये विद्यार्थ्यास द्यावेत व १,५०० मुद्दलात मिळवावेत. दर तोच राहिल्यास २० वर्षांत मुद्दल सुमारे १ लाख ३५ हजार होईल आणि शिष्यवृत्ती ६,००० रुपयांवर जाईल. महागाईची झीज एवढ्याने पूर्णतः भरून निघणार नाही. ती उणीव कुटुंबीयांनी दर स्मृतिदिनी यथाशक्ती भर घालून दूर करावी. श्राद्धाचा याहून सार्थ प्रकार कोणता?

स्वतंत्र न्यास स्थापावयाचा असेल, तर मध्य प्रदेशात सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ लागू होतो. लहान रकमेसाठी मात्र विश्वासू शाळेकडे लेखी अटींसह निधी सोपविणे अधिक सोयीचे. निवड कोण करणार, व्याज किती वाटावयाचे आणि शाळा बंद पडल्यास निधी कोठे जाणार, हे त्या अटींत स्पष्ट असावे.

आणखी दोन गोष्टी. केवळ गुणानुक्रम न पाहता गरजही पाहावी. आणि रक्कम स्नेहसंमेलनाच्या मंचावर न देता प्रवेशाच्या वेळी हाती पडावी. पुढील शिक्षणासाठी मझौलीहून जबलपूर गाठणाऱ्या मुलीला हारतुऱ्यांपेक्षा शुल्क आणि बसभाडे यांची चिंता अधिक असते. ती चिंता ज्याच्या नावाने मिटते, ते नाव ती जन्मभर विसरत नाही.