गोष्ट कुठे घडते?



या अंकात वस्तीतल्या मुलींनी लिहिलेल्या चार गोष्टी आहेत. त्या छापायच्या की नाही, यावर आपल्या गटात बराच वाद झाला. ‘मुलींच्या प्रश्नांवर लेख द्या, गोष्टी कशाला?’ असं काहीजणींचं म्हणणं होतं. मला मात्र वाटतं, की वयात येण्याची गोष्ट वाचताना ती कुठे घडते इकडे नीट लक्ष दिलं, तर लेखातून निसटणारं बरंच काही हाती लागतं. आपल्याच साहित्यातल्या दोन कथा शेजारी ठेवून पाहू या.

पहिली बाबुराव बागुलांची ‘आई’. सुरुवात शाळेच्या वर्गात होते. गुरुजी आईच्या थोरवीची कविता शिकवताहेत आणि पांडू ती तल्लीन होऊन ऐकतोय. वर्ग सुटतो आणि पोरं त्याच्या आईचं नाव मुकादमाशी जोडून त्याला घालूनपाडून बोलतात. तिथून पुढे वस्ती. इथे प्रत्येकाच्या दारावर प्रत्येकाचा डोळा. विधवा, तरुण, पोटासाठी राबणारी बाई कधी घरी येते, काय नेसून येते, सगळ्याची नोंद होते. स्वतःचं असं डोकं टेकायला पांडूला जागाच नाही. त्यामुळे वस्ती जे पाहते, तेच तोही पाहायला लागतो. आईचा मुलगा तिच्यावरचा पहारेकरी होतो. शेवटी तो घरातून पळत सुटतो. आई त्याच्यामागे धावायला धडपडते, पण मुकादमाच्या मिठीतून तिला सुटता येत नाही. वाचताना आपलाही जीव गुदमरतो. वर्गातली आई आणि वस्तीतली आई यांच्यामध्ये मुलाला उभं राहायला पायरीसुद्धा ठेवलेली नाही, हे त्या गुदमरण्यामागचं कारण.

दुसरी कथा उर्मिला पवारांची ‘कवच’. इथेही वाढत्या वयाचा मुलगा आहे, आईबद्दल कानावर पडलेलं आचकटविचकट बोलणं आहे आणि पोटात गोळा आणणारी तीच लाज आहे. गौऱ्याची आई इंदिरा चिपळूणच्या बाजारात आंबे विकते. तिनं तिथे जाऊ नये असं त्याला वाटतं. ती ऐकत नाही, तेव्हा तो तिच्याबरोबर जातो. बाजारात आंब्यांवरून दुहेरी अर्थाचं बोलणारे पुरुष भेटतातच. पण बाजारात इंदिरा कुणाची विधवा, कुणाची बायको म्हणून उभी नाही. ती माल घेऊन बसलेली विक्रेती आहे. तिथे तोंड चालवणं हा तिच्या कामाचाच भाग. ती त्या पुरुषांना असं काही सुनावते की मुलगा बघतच राहतो. आईला आपण सांभाळायचं असं ठरवून आलेल्या मुलाला कळतं, की हिचं कवच हिच्यापाशीच आहे.

आता बाजार काढून टाका आणि इंदिरेला घराच्या चार भिंतींत मुलाशी बोलायला लावा. तिला स्वतःच्या चारित्र्याची सफाई द्यावी लागेल आणि मुलगा न्यायाधीश होईल. म्हणजे स्थळ बदललं की नुसता रंग बदलत नाही, कोण कुणाला जाब विचारणार हेही बदलतं. बाजार म्हणजे मुक्ती, असा याचा अर्थ नाही. अपमान तिथेही आहेच आणि दलित बाईच्या वाट्याला तो दुप्पट येतो. पण तिथे तिला उलट उत्तर देता येतं आणि ते देताना मुलाला पाहता येतं.

या दोन्ही कथांत वाढतो तो मुलगा. मुलगी कुठे वाढते? पुण्यातल्या आमच्या किशोरी शिबिरात मुलींना गोष्ट लिहायला सांगितली, तेव्हा बहुतेकींनी बाग नाही तर समुद्रकिनारा निवडला. मग एकच प्रश्न फळ्यावर लिहिला : ‘बाराव्या-तेराव्या वर्षी तुझं कुठे जाणं बंद झालं?’ उत्तरं भराभर आली. गच्ची. शाळेमागचं मैदान. नदीकाठ. मामाच्या घरचा माळा. एकीनं लिहिलं, दाराचा उंबरा. आता तिथे बसायचं नाही, आत बसायचं. या अंकातल्या चारही गोष्टी त्या यादीतून आल्या आहेत. मुलगा मोठा होतो तसं त्याचं गाव मोठं होत जातं, मुलीचं लहान होत जातं. तिच्या गोष्टीत स्थळ हेच कथानक असतं.

समाजकार्याच्या केसपेपरवर ‘घर : कच्चे/पक्के, खोल्या किती’ एवढं भरून घेतात. त्या खोलीत मुलगी कपडे कुठे बदलते, रडावंसं वाटलं तर कुठे जाते, याला रकाना नाही. समुपदेशनाला आलेल्या मुलीला ‘काय झालं?’ हा प्रश्न जड जातो. ‘तेव्हा तू कुठे होतीस, जवळ कोण होतं?’ असं विचारलं की ती बोलू लागते, हा माझा अनुभव आहे.

तेव्हा या गोष्टी एकट्यानं वाचून बाजूला ठेवू नका. पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. वाचून झाल्यावर मुलींना गोष्टीचं तात्पर्य विचारू नका, जागा विचारा. मग आपल्या वस्तीचा नकाशा काढा आणि मुलींचं जाणं जिथे थांबलं तिथे त्यांनाच खुणा करू द्या. त्यातली कुठली जागा आधी परत मिळवायची, ते त्याच ठरवतील. काय ठरलं, ते आम्हाला जरूर कळवा.