कबुतरांचे प्रदर्शन

कबुतरांच्या प्रदर्शनात गर्दी जमते ती विजेत्या पक्ष्याभोवती. जाणता प्रेक्षक मात्र आधी पिंजरे पाहतो. पाणी निर्मळ आहे काय? पंख पसरण्यापुरती जागा आहे काय? येथेच उणीव असेल, तर पदके कितीही वाटली तरी ते प्रदर्शन पाहण्याजोगे नव्हे.

देवळाच्या वळचणीला घुमणाऱ्या पारव्याच्या शेपटीत साधारणतः १२ पिसे असतात. लक्का कबुतराच्या पिसाऱ्यात ३० ते ४०. तरीही दोघांचे कूळ एकच! चार्ल्स डार्विनने स्वतः कबुतरे पाळली, लंडनच्या कबुतरवाल्यांत तो मिसळला आणि १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्याने हे नाते उलगडून दाखविले. आखूड चोचीच्या, कोलांट्या घेणाऱ्या कबुतरांची कित्येक पिले कवच न फुटल्यामुळे अंड्यातच मरतात असे म्हणतात, अशीही नोंद त्याच ग्रंथात आहे. माणसाच्या हौसेपायी पिलाचा जीव जावा, यात कौतुक कसले?

म्हणून जेथे परीक्षक देखण्या पण दुबळ्या पक्ष्याला खुशाल मागे सारतो, तेथे अवश्य जावे. तेथे एखादा वृद्ध कबुतरवाला लक्का हाती घेऊन मुलांना त्याची पिसे मोजू देईल. मग बक्षीस कोणाला मिळाले, हे विचारायचेही राहून जाईल.