बॅटरी बदलण्यापूर्वी व्होल्टमीटर आणा

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी किंवा शेजारी एखादा जुना ट्रॅक्टर असेल. यवतमाळ जिल्ह्यात वीस-पंचवीस वर्षे वापरलेले ट्रॅक्टर अजूनही कपाशी-सोयाबीनच्या रानात राबताना दिसतात. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय 2016 साली झाला, पण त्याचे ट्रॅक्टर काही थांबले नाहीत. असा ट्रॅक्टर एखाद्या सकाळी चालू होत नाही. चावी फिरवली की नुसता ‘कट्’ असा आवाज येतो, किंवा इंजिन कण्हत कण्हत दोन वेढे घेते आणि थांबते. मग घरात एकच निदान होते : बॅटरी गेली! हे निदान आपण न तपासता करतो आणि नवी बॅटरी निवडताना भलताच आकडा पाहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दारव्हा तालुक्यातील माझ्या मामांनी मृगाच्या तोंडावर काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी आणली. जुनी दुकानातच देऊन टाकली. दहा दिवसांत पुन्हा तेच कण्हणे. कोरडवाहू शेतकऱ्याला पेरणीच्या दिवसांत तेवढे पैसे म्हणजे बियाण्याच्या पिशव्या. मामा म्हणाले, ‘‘तू तं फिजिक्सचा मास्तर. पाय बरं काय झालं थे.’’

मी व्होल्टमीटर नेला. डिझेल बंद करण्याचा दांडा ओढून ठेवला, म्हणजे इंजिन फिरेल पण पेट घेणार नाही. गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे दोनदा पाहिले. मामांनी चावी फिरवली तेव्हा बॅटरीच्या दोन टोकांमधील विभवांतर 11 व्होल्ट भरले. म्हणजे बॅटरी ठणठणीत! नंतर व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून पुन्हा चावी फिरवली. तेथे काटा 3 व्होल्टांवर गेला. बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन तर जाड पट्टीने जोडलेले असतात. त्यांच्यात जवळजवळ शून्यच दिसायला हवे. पट्टी सोडली तर तिच्याखाली गंज आणि चिखल! काचकागदाने घासून पट्टी पुन्हा घट्ट बसवली आणि ट्रॅक्टर पहिल्याच झटक्यात चालू झाला.

एवढ्याशा गंजाने असे का व्हावे? तुमच्या पाठ्यपुस्तकातला ओहमचा नियमच पाहा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबावी लागते की तिच्या उष्णतेने डिझेल पेटावे. ते जड इंजिन वेगाने फिरवायला स्टार्टर मोटर सुमारे 300 अँपिअर प्रवाह ओढते. घरातल्या दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. आता वाटेत केवळ 0.02 ओहम रोध असला, तर 300 × 0.02 = 6 व्होल्ट तेथेच हरवतील! बारापैकी निम्मे गेले. प्रत्यक्षात त्यामुळे प्रवाहही घटतो, म्हणून मामांच्या ट्रॅक्टरवर 3 व्होल्टच दिसले. प्रयोगशाळेत आपण ज्याला ‘नगण्य रोध’ म्हणून सोडून देतो, तो येथे पेरणी अडवून धरतो.

बॅटरी खरोखरच बाद झाली असेल तर? तेही मोजता येते. बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण भारित करून काही तास स्वस्थ ठेवल्यावर प्रत्येकाचे सुमारे 2.1, म्हणजे एकूण 12.6 व्होल्ट मिळायला हवेत. पण तेवढ्यावर विसंबू नका. इंजिन फिरवताना हे विभवांतर साडेनऊच्या खाली कोसळले, तर बॅटरीचा अंतर्गत रोध वाढला आहे असे समजा. हायड्रोमीटर असेल तर आम्लाचे विशिष्ट गुरुत्वही पाहावे. भारित घटात ते 1.28 च्या आसपास असते. पाच घट सारखे आणि सहावा 0.05 ने मागे असेल, तर तो एक घट सगळ्या बॅटरीला घेऊन बुडतो.

आता निवड. दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘‘किती एएचची देऊ?’’ एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती विद्युत्‌भार साठतो त्याचे माप. पण ट्रॅक्टर चालू करायला भार लागतो किती? 300 अँपिअर, 5 सेकंद, म्हणजे 1500 कूलोम. तासांत मांडले तर 0.42 अँपिअर-तास! शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीतून अर्धा टक्कासुद्धा गेला नाही. साठा अफाट आहे. प्रश्न तो किती झपाट्याने बाहेर पडतो हा आहे. विहीर मोठी असली तरी मोट लहान असेल तर पाटाला पाणी कमीच येणार. म्हणून एएच मूळ बॅटरीइतके ठेवावे आणि इंजिन फिरवताना ती किती अँपिअर देऊ शकते, हा आकडा मागून घ्यावा. मोठी बॅटरी मोटर जाळते, ही समजूत मात्र खोटी आहे. व्होल्ट तेवढेच असतील तर मोटर आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेते. मोठ्या बॅटरीची अडचण वेगळी आहे. जुन्या ट्रॅक्टरचा डायनॅमो दुबळा असतो. काही कारणाने ती खाली गेली तर तो तिला पुन्हा पूर्ण भरू शकत नाही. अर्धवट भारित राहिलेल्या पट्ट्यांवर शिसे सल्फेटचे टणक थर बसतात.

याच कारणासाठी, डायनॅमोवाल्या जुन्या ट्रॅक्टरला पाणी भरता येणारी साधी बॅटरीच मी पसंत करतो. जुना रेग्युलेटर कधी कमी भारण करतो, कधी जास्त. जास्त झाले तर पाणी आटते, आणि बंद बॅटरीत ते परत घालता येत नाही. पाणी मात्र ऊर्ध्वपातितच हवे, विहिरीचे नव्हे. टोकांची बाजू आणि खोक्याचा आकार जुळतो का, निर्मितीचा महिना ताजा आहे का, हे पाहावे. बॅटरी पडून पडूनही म्हातारी होते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर फारच लवकर. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. थंड देशांतले लोक हिवाळ्यात बॅटरीची काळजी करतात. आपला शत्रू उन्हाळा आहे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. रानडुकरे आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून रात्री कुंपणाला झटका मशीन लावतात आणि त्याला ट्रॅक्टरचीच बॅटरी जोडतात. गरज मी समजू शकतो. पण क्षणात मोठा प्रवाह देता यावा म्हणून या बॅटरीच्या पट्ट्या पातळ आणि सच्छिद्र केलेल्या असतात. रात्रभर हळूहळू रिकामे होणे त्यांना सोसत नाही. त्या कामाला जाड पट्ट्यांची बॅटरी वेगळी मिळते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली शिशाचा घट बनवला. तेव्हापासून रसायन तेच आहे, पण पट्टीच्या घडणीवर तिचा धर्म ठरतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेचा व्होल्टमीटर कपाटातून काढून विद्यार्थ्यांबरोबर गावातल्या ट्रॅक्टरपर्यंत जाऊ द्या, आणि तुम्हीही जा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको. हातातले कडे-अंगठी काढून ठेवावी, डोळ्यांना चष्मा असावा. जोडणी सोडताना इंजिनला जोडलेले टोक आधी सोडावे. ते बहुधा ऋण असते, पण काही जुन्या ट्रॅक्टरांत धन असते, म्हणून आधी नीट पाहा. बाद बॅटरी दुकानातच परत द्यावी, शिसे आणि आम्ल बांधावर ओतू नये. 2022 च्या नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

मामांची जुनी बॅटरीही अशीच परत गेली. ती खरोखर बाद होती की नाही, हे आता कळायला मार्ग नाही.