शालींचा ढीग

ज्यांच्या घरी काहीच उणे नाही अशा वडीलधाऱ्यांना काय द्यावे, हा प्रश्न बेळगाव-निपाणीकडे सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी पडतो आणि शाल, श्रीफळ व कुंद्याच्या डब्यावर मिटतो. ही भेट नव्हे. विचार टाळण्याची सोय होय. गीतेच्या 17व्या अध्यायात दानालाही देश, काल, पात्र यांचा विवेक सांगितला आहे. मधुमेह्यास कुंदा आणि शालींनी कपाट भरलेल्यास आणखी एक शाल, यात पात्राचा विचार कोठे राहिला? ‘मला काही नको’ म्हणणारे वडील वस्तू नाकारतात, सहवास नाकारीत नाहीत. त्यांना चोर्ला घाटाने गोव्यास कुलदेवतेच्या दर्शनाला न्यावे. प्रवास झेपत नसेल, तर त्यांच्यापाशी बसून घरातील जुन्या कोंकणी ओव्या उतरून घ्याव्यात. शालीस पैसा पुरतो. यास आपला वेळ खर्चावा लागतो, आणि आपली कृपणता नेमकी तेथेच आहे.