कपाटाचे कुलूप काढा

सीमाभागातील मराठी शाळांचा विषय निघाला, की चर्चा ठरावीक वळणाने जाते. शिक्षकांच्या रिक्त जागा, घटती पटसंख्या, मराठीतून न मिळणारी परिपत्रके, इंग्रजी माध्यमाकडे पालकांची वाढती ओढ. हे सारे प्रश्न खरे आहेत आणि त्यांविषयी आम्ही वेळोवेळी लिहिले आहे. आज मात्र शाळेच्या आत असलेल्या एका वस्तूविषयी लिहावयाचे आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत, हजेरीपटांच्या शेजारी, एक कपाट असते. काचेतून पुस्तके दिसतात आणि दाराला कुलूप असते.

खानापूर तालुक्यातील एका शाळेत आम्ही ते कपाट उघडून दाखविण्याची विनंती केली. किल्ली सापडण्यास बराच वेळ लागला. आतील पुस्तके बहुतेक कोरी होती. काहींची पाने एकमेकांना चिकटलेली, पहिल्या पानावर देणगीदाराचे नाव, आणि त्यानंतर कोणाच्याही बोटाचा डाग नाही. गुरुजींनी संकोचून कारण सांगितले, "फाटलं, हरवलं तर नोंदवहीत उत्तर आम्हालाच द्यावं लागतं हो." त्यांना दोष देण्याची आमची इच्छा नाही. कोरे राहिलेले पुस्तक ज्या व्यवस्थेत शिस्तीची खूण ठरते आणि वाचून जीर्ण झालेले पुस्तक नुकसानीच्या रकान्यात जाते, त्या व्यवस्थेत कोणताही सावध माणूस कुलूपच लावील.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतील पहिलाच नियम सांगतो, की पुस्तके वापरासाठी आहेत. इतकी उघड गोष्ट नियम म्हणून का सांगावी लागली, हे समजण्यासाठी मध्ययुगीन युरोपातील ग्रंथालये आठवावीत. तेथे ग्रंथ साखळदंडांनी फळ्यांना बांधून ठेवीत. रंगनाथन यांनी आयुष्याची अखेरची वर्षे बेंगळुरूत, म्हणजे आमच्याच राज्याच्या राजधानीत, घालविली. आमच्या शाळांतील पुस्तकांची साखळी मात्र अजून सुटलेली नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-अ ने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने हा अनुच्छेद आला. त्याच वर्षी आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. या अनुच्छेदाच्या आधारे शाळा मागता येते, शिक्षक मागता येतात. वाचनाची गोडी मात्र अर्ज करून मिळत नाही.

आणि येथेच सीमाभागातील मुलाची स्थिती पुण्या-साताऱ्याच्या मुलाहून वेगळी होते. तेथील मुलाच्या डोळ्यांवर मराठी अक्षर सतत पडत असते : दुकानाची पाटी, बसवरील गावाचे नाव, शिधापत्रिका, जमिनीचा उतारा. शाळेत फारसे न वाचणारे मूलही रस्त्यावर मराठी वाचते. आमच्या मुलाच्या वाट्याला हे सारे कन्नडमधून येते, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर इंग्रजी वा हिंदी असते, आणि छापील मराठीची भेट होते ती केवळ पाठ्यपुस्तकात. तेही बालभारतीचे नव्हे, कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाचे. त्यामुळे शाळेच्या ग्रंथालयातील गोष्टीचे पुस्तक ही आमच्याकडे अवांतर चैन राहत नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरची मराठी मुलाला भेटण्याचे अनेक घरांत ते एकमेव ठिकाण असते. ते बंद राहिले, तर मराठी ही परीक्षेची आणि स्वयंपाकघराची भाषा एवढीच उरते. माध्यम बदलण्याची वेळ येते तेव्हा असे मूल निरोपही न घेता निघून जाते, कारण मागे सोडावे असे त्याच्यापाशी काही साठलेलेच नसते.

कपाट उघडल्यानंतर मुलांच्या हाती काय द्यावे? याद्या पुष्कळ फिरत असतात. त्या बहुधा पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी केलेल्या असतात आणि त्यांत आमच्या मुलाची एक अडचण लक्षात घेतलेली नसते. घरी त्याला "काय करूलालास?" असे विचारतात, पुस्तकात "काय करत आहेस?" असे असते. दोन्ही मराठीच. पण हे त्याला कोणी सांगितले नाही, तर आपली बोली चुकीची आणि छापलेली तेवढी खरी, असे त्याच्या मनात बसते. वाचताना ते अडखळते आणि पुढे लाजून गप्प होते. म्हणून पुस्तके निवडताना आम्ही दोन कसोट्या लावतो. पुस्तक मुलाला ओढून नेणारे असावे, आणि मराठीची अनेक रूपे त्याच्या कानांवर पडावीत.

पहिली-दुसरीसाठी चित्रे मोठी आणि शब्द थोडे असलेली पुस्तके हवीत. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' येथे अतिशय उपयोगी पडते, कारण त्यातील आई, बाबा, आजी आणि आजोबा मुलाला ओळखीचे वाटतात. विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर यांच्या बालकविता या वयात वाचावयास देण्यापेक्षा मोठ्याने म्हणाव्यात. अर्थ मागाहून येतो, लय आधी बसते. तिसरी-चौथीला इंदिरा संतांची 'गवतफुला' ही कविता शिकविताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. या कवयित्रीच्या आयुष्याचा मोठा काळ बेळगावात गेला. छापलेली कविता आपल्याच गावात राहणाऱ्या माणसाने लिहिलेली असू शकते, हे कळले की पुस्तकाकडे पाहण्याची मुलाची दृष्टी बदलते.

पाचवी ते सातवी हे वाचनाचे खरे वय. या वयात मूल एक पुस्तक एका दमात संपवू शकले, तर पुढे त्याला फार सांगावे लागत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे हे तिघे त्यासाठी आजही विश्वासाचे आहेत. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे' चे भाग शिक्षकांनी जवळ ठेवावेत. त्यांत अनेक लेखकांचे उतारे वयानुसार लावलेले आहेत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. पाठ्यपुस्तक बालभारतीचे नसले, तरी 'किशोर' वाचण्यास सीमा आड येत नाही.

आठवी ते दहावीसाठी 'श्यामची आई' सर्वांना सुचते. ते पुस्तक मोठेच आहे. पण बक्षीस म्हणून तेच ते दिले गेल्याने घराघरांत त्याच्या दोन-तीन प्रती न वाचता पडून असतात. त्याच्या जोडीला वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर', तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्यावी. आनंद यादवांच्या 'झोंबी' तील निवडक प्रकरणे तर आम्ही आग्रहाने सुचवू. शिकण्यासाठी झगडणाऱ्या मुलाची ती कहाणी कागलची, म्हणजे निपाणीपासून हाकेच्या अंतरावरची. त्यातील बोलणे आमच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. आपल्या घरातल्यासारखी भाषा साहित्य अकादमीच्या पुरस्कारापर्यंत पोहोचली, हे त्यांना कळणे शंभर भाषणांहून मोलाचे आहे.

कपाटात एक फळी कन्नडची असावी, असेही आमचे मत आहे. आमच्या काही मित्रांना हे रुचणार नाही. पण लढा आहे तो मराठीच्या हक्कासाठी. कन्नड भाषेशी आमचे वैर नाही आणि आमच्या मुलांना ती येते हे त्यांचे बळ आहे. दीर्घ गद्यकथेला 'कादंबरी' हे नाव मराठीने आणि कन्नडने सारखेच दिले. आपले तूप कन्नडमधील 'तुप्प' शी नाते सांगते. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी भैरप्पा आणि शिवराम कारंत यांना मराठीत आणले. साने गुरुजींना 'आंतरभारती' म्हणून जे अभिप्रेत होते, ते आमच्या मुलांच्या जिभेवर आयतेच आहे. दोन भाषांत वाचणाऱ्या मुलाला मराठी सोडावी लागत नाही. एकही भाषा नीट न वाचणाऱ्या मुलावर ती पाळी येते.

पुस्तके ठेवली म्हणजे वाचन होत नाही. त्यासाठी उपक्रम लागतात, पण आमच्याकडे उपक्रम म्हणजे पाहुणे, हार, भाषण आणि छायाचित्र. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात मुले दीड तास बसून ऐकतात आणि एक पानही न वाचता घरी जातात, हे आम्ही पाहिले आहे. त्यापेक्षा खर्च न लागणाऱ्या पुढील गोष्टी कोणत्याही शाळेला करता येतील.

रोज शेवटच्या तासाची पंधरा मिनिटे गुरुजींनी वा बाईंनी पुस्तक मोठ्याने वाचावे आणि गोष्ट ऐन रंगात आली असता थांबावे. दुसऱ्या दिवशी आधीचा भाग एका मुलाने सांगावा, आणि तो घरच्या बोलीत सांगितला तर त्यास अडवू नये. 'करूलालास' म्हणणारे मूल ती गोष्ट समजले आहे, हेच महत्त्वाचे. प्रमाण मराठी त्याला पुस्तकातून मिळतच राहील.

प्रत्येक पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवावी. वाचणाऱ्याने ते दुसऱ्याने का वाचावे किंवा का वाचू नये, हे दोन ओळींत लिहून खाली नाव घालावे. मुले मोठ्यांच्या शिफारशीपेक्षा वर्गमित्राच्या शिफारशीवर अधिक विश्वास ठेवतात. 'कंटाळा आला' असे लिहिण्याची मुभा असेल, तरच 'फार आवडले' या शब्दांना किंमत येईल.

शाळेने गावाच्या शब्दांची वही करावी. पुस्तकात एखादा अवजाराचा, भांड्याचा वा पावसाचा शब्द आला, की मुलांनी घरी आजीला विचारून आपल्याकडचा शब्द लिहून आणावा. खानापूरच्या भातशेतीतील तरवा, इरले यांसारखे शब्द शहराकडे निघालेल्या पिढीबरोबर मागे पडत आहेत. ते मुलाच्या अक्षरात उतरले, तर वाचन आणि भाषासंग्रह ही दोन्ही कामे एकदम होतात.

प्रथम बुक्स या बेंगळुरूच्या संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर अनेक सचित्र गोष्टी मराठीत आणि कन्नडमध्येही विनामूल्य मिळतात. तीच गोष्ट दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापून भिंतीवर लावावी. कोणते शब्द सारखे आणि कोठे वाक्य वेगळे वळले, हे मुले स्वतःच शोधतात. व्याकरणाचा याहून चांगला पाठ आम्हाला ठाऊक नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. पुस्तक घरी जाऊ द्यावे. देवघेवीची वही सातवीच्या मुलांनी आळीपाळीने सांभाळावी. वर्षाअखेरीस काही पुस्तके फाटतील, काही परत येणार नाहीत. शाळा सुधारणा समितीने ही झीज ठराव करून आधीच मान्य करावी, म्हणजे गुरुजींच्या मनावरील ओझे उतरेल.

कपाटच नसलेल्या वाड्यांचे काय, असे कोणी विचारील. वडोद्याच्या आमच्या वाचकांना याचे उत्तर आपल्या शहराच्या इतिहासातच सापडेल. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालये उभारली आणि जेथे ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके धाडली. ती पेटी आजही दुचाकीवर मावते. एका गावातील तीस पुस्तके दोन महिन्यांनी पुढील गावी गेली, तर पाच पेट्यांत पाच गावांना दहा महिने नवे वाचावयास मिळते. शिवाय कर्नाटकातील ग्रामपंचायत ग्रंथालयांत मुलांना विनामूल्य सदस्य करून घेण्याची 'ओदुव बेळकु' ही मोहीम २०२० पासून आहे. आमच्या पालकांनी मुलांची नावे तेथे नोंदवावीत आणि मग मराठी पुस्तकांची मागणी लेखी करावी. मराठी सदस्यच नसलेल्या ग्रंथालयात मराठी पुस्तके का नाहीत, हे विचारण्यात बळ येत नाही.

इंदूर, हैदराबाद वा गोव्यातील वाचकांना शेजारची भाषा बदलून हीच यादी वापरता येईल. हिंदी, तेलुगू किंवा कोकणी, जी मुलाच्या कानांवर आहे, तिची फळी मराठीशेजारी ठेवावी.

यात आमचाही दोष आम्ही मान्य करतो. पाट्यांसाठी, परिपत्रकांसाठी आम्ही मोर्चे काढले आणि ते आवश्यकच होते. पण कपाटाच्या किल्लीची चौकशी करावी, असे वर्षानुवर्षे आमच्या मनात आले नाही. १७ जानेवारीला आपण हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी जमतो. येत्या वर्षी येताना प्रत्येकाने मुलांसाठीचे एक पुस्तक हाती आणावे, आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी व्यासपीठावर पाहुण्यांऐवजी ते पुस्तक वाचलेले मूल उभे राहावे. त्याच्या हातातील पुस्तकाचे कोपरे दुमडलेले असतील, मुखपृष्ठावर तेलकट डाग असेल. तो डाग पाहण्यासाठी आम्ही पहिल्या रांगेत बसू.