विनोद म्हणून घ्या, म्हणे!

महापालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं की मुंबईतल्या आमच्या माहुलगावात फोनाफोनांवर एक चित्र हमखास फिरायला लागतं. ओट्याशी नवरा उभा, कडेवर रडणारं पोर, कुकर शिट्ट्या देतोय, दूध उतू चाललंय. दारात बायको. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात पक्षाचं उपरणं, मागे चार कार्यकर्ते. ती विचारते, "झाला का स्वयंपाक? मला सभेला उशीर होतोय." या खेपेला ते आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आलं, तेव्हा त्याखाली हसून हसून रडणारे पिवळे चेहरे मी मोजले. अकरा होते, त्यातले तीन बायकांचे. मी विचारलं, यात हसायचं नेमकं कशाला? लगेच उत्तर आलं, "ताई, विनोद आहे, विनोद म्हणून घ्या."

बरं. विनोद म्हणूनच घेते. पण मग बाजारात मासळी घेताना कल्ला उचलून बघतो तसा हाही उचलून बघू द्या.

पहिली गोष्ट, माल शिळा आहे. १९०९ साली न्यूयॉर्कच्या डन्स्टन-वायलर लिथोग्राफ कंपनीनं बारा टपालकार्डांचा एक संच विकायला काढला होता. विषय, बायकांना मत मिळालं तर घराचं काय होईल. त्यातल्या 'सफ्राजेट मॅडोना' नावाच्या कार्डावर एक बाप्या बाळाला बाटलीनं दूध पाजतोय, आणि डोक्यामागे मेरीमातेच्या चित्रात असते तशी प्रभावळ. त्या वर्षी अमेरिकेतल्या चारच राज्यांत बायकांना मताचा पूर्ण हक्क होता आणि बाकीच्यांत मागणी जोर धरत होती. म्हणजे आमच्या ग्रुपवरचं चित्र शंभर वर्षांहून जुनं आहे. बाटलीच्या जागी कुकर आला, बाकी जैसे थे. बोंबील सुकवले की टिकतात, विनोद सुकवून टिकत नाही. शिळ्या विनोदाला इतकी वर्षं गिऱ्हाईक मिळत असेल, तर लोक हसण्यासाठी येत नाहीत, दुसऱ्याच कशासाठी तरी येतात.

कशासाठी येतात ते तेव्हाच्या चित्रांत उघड दिसतं. लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात जानेवारी १९०६ मध्ये बर्नार्ड पार्ट्रिजचं एक चित्र आलं, 'किंचाळणारी भगिनी'. सभेच्या दारात एक बाई आरडाओरडा करतेय आणि दुसरी, नीटनेटकी, समजूतदार बाई तिला सांगतेय की चळवळीची खरी वैरीण तूच. मताला विरोध असल्याचं चित्र कुठेच म्हणत नाही. मागणारी बाई कशी वाईट दिसते, एवढंच ते दाखवतं. ही युक्ती आपल्याकडेही जुनी आहे. पुण्यात हुजूरपागेची शाळा १८८४ मध्ये निघाली आणि दोनच वर्षांत नारायण बापूजी कानिटकरांची 'तरुणीशिक्षणनाटिका' आली, शिकलेल्या मुलींच्या भविष्याची टर उडवणारी. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी मात्र १८८२ मध्येच 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून असल्या थट्टेला आगाऊ उत्तर देऊन ठेवलं होतं. त्या उत्तराला हसून पिवळे चेहरे टाकणं कुणाला जमलं नसतं.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं. ते नीट मांडलं पाहिजे, कारण ते अगदीच पोकळ नाही. व्यंगचित्रकार सगळ्यांनाच हसतो, म्हणतात. मंत्र्याला, कारकुनाला, पोलिसाला, दारुड्याला. मग बायकांनीच नाक का मुरडावं? खरंच आहे. पण ही यादी पुन्हा वाचा. पुरुषाला हसतात ते तो मंत्री असतो म्हणून, लाच खातो म्हणून, पिऊन पडतो म्हणून. बाईला हसतात ते ती बाई असते म्हणून. पुरुषाच्या चित्राला धंदा असतो. बाईच्या चित्राला एकतर कंबर असते, नाहीतर लाटणं.

मराठीत दोन्हींचा भरणा आहे. 'आवाज' हा दिवाळी अंक १९५१ साली निघाला आणि त्याची खिडकीचित्रं घराघरांत गेली. पानाला चौकोनी खिडकी कापलेली, तिच्यातून दिसतं ते भलतंच. पान उलटलं की बाई बिचारी पीठ मळत असते, नाहीतर पोराला न्हाऊ घालत असते. या चित्रांचे वकील सांगतात, हसं वाचकाच्या मनाचं होतं, बाईचं नव्हे. निम्मं कबूल. वाचक पकडला जातो खरा, पण गळाला लावायला आमिष दरवेळी बाईचंच शरीर. कधीतरी खिडकीतून भलतंच काही करणारा साहेब दिसला असता आणि पान उलटल्यावर तो भांडी घासत असता, तर मी पहिल्यांदा हसले असते.

अर्थात सगळ्यांना एका पाटीत टाकणं बरं नाही. शि. द. फडणीसांचं १९५२ सालचं 'मोहिनी' मासिकाचं मुखपृष्ठ घ्या. बसथांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी, एकमेकांची ओळख नाही. एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. शब्द एक नाही. स्त्री-पुरुषांमधल्या त्या जुन्या खेळावरच ते चित्र आहे, पण त्यात कुणी कुणाला खाली ओढत नाही, आणि कोण कुणाला घाबरतंय हे बघणाऱ्यावर सोडलंय. गंमत अशी करता येते. नसेल जमत तर तो चित्रकाराच्या हाताचा दोष. बायकांना विनोद कळत नाही ही तक्रार त्याला झाकायला वापरू नये.

याच सुमाराचं दुसरं चित्र मला जास्त छळतं, आणि त्यात बाईची टिंगल मुळीच नाही. आर. के. लक्ष्मणांचा सामान्य माणूस पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, १९५१ मध्ये आला. धोतर, चौकड्यांचा कोट, गोल चष्मा. त्याच्यावर माझं प्रेमच आहे. पण त्या निवडणुकीत मतदार होते सुमारे सतरा कोटी, आणि त्यांतल्या बाया जवळजवळ आठ कोटी. आठ कोटींना त्या कोटात कुठे जागा? लक्ष्मणांनी सामान्य माणसाला बायको दिली, तिला बोलतंही केलं, पण देशाचा मतदार म्हणजे तो, आणि ती त्याची मिसेस. आजही वरळीला समुद्राकडे बघत पुतळा उभा आहे तो त्याचाच.

आणि हे 'त्याची मिसेस' प्रकरण कागदोपत्रीही तसंच होतं. मताच्या प्रश्नावर ब्रिटिशांच्या साउथबरो समितीनं हिंदी बायकांना नकार दिला, तेव्हा १९१९ मध्ये मुंबईहून हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन थेट लंडनला जाऊन बाजू मांडून आल्या. त्याच वर्षीच्या कायद्यानं निर्णय प्रांतांवर ढकलला. मद्रासपाठोपाठ १९२१ मध्ये मुंबईनं बायकांना मत दिलं, पण मालमत्तेची अट ठेवून. बाईच्या नावावर मालमत्ता असायची कुठून? १९३५ च्या कायद्यानं मतदार बायकांची संख्या वाढली ती नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर. अमक्याची बायको, म्हणून मत. पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या याद्या झाल्या, तेव्हा मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेनांनी तसं चालवून घेतलं नाही, आणि स्वतःचं नाव न सांगणाऱ्या सुमारे अठ्ठावीस लाख जणी यादीतून गळल्या. मला तर हे खरं व्यंगचित्र वाटतं. ते काढायला कुणी बसलं नाही, कारण लाटणं काढणं सोपं.

लाटण्यावरून आठवलं. बायकाच घरात राज्य करतात, लाटणं उगारलेल्या बायकोच्या चित्रात पुरुषच केविलवाणा असतो, तेव्हा तक्रार पुरुषांनी करावी, असाही एक मुद्दा असतो. ऐकायला गोड आहे. पण त्या चित्रातल्या लाटण्याची हद्द नीट बघा, दाराच्या उंबऱ्यापाशी संपते. रात्री उशिरा आलेल्या नवऱ्याला मारायचं, बस्स. १९७२-७३ च्या दुष्काळात महागाई भडकली तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या मागून मुंबईच्या बाया तीच लाटणी घेऊन उंबऱ्याबाहेर आल्या, थाळ्या बडवत. लाटणं मोर्चा. इतकी वर्षं व्यंगचित्रांनी ज्या हत्याराची चेष्टा केली, ते बायांनी उचलून सरकारच्या दारावर आपटलं. गोरेगावच्या नळाला पाणी यावं म्हणून झगडणाऱ्या मृणाल गोरे १९७७ मध्ये लोकसभेत पोचल्या. दोन्ही लाटणी मी शेजारी ठेवून बघते, आणि चित्रातलं फारच हलकं वाटतं.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, तोही टाळत नाही. ग्रुपवरच्याच एकानं लिहिलं, "नगरसेविका नावाला, कारभार नवऱ्याचा, मग हसायचं नाही का?" हसायचं. जरूर हसायचं. २०१२ पासून मुंबई महापालिकेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि फलकावर तिच्या फोटोपेक्षा त्याचा फोटो मोठा असतो, उद्घाटनाला नारळ तो फोडतो, फोन तो उचलतो, हे मी डोळ्यांनी बघते. पण मग हा विनोद कुणावर झाला? खुर्ची नसताना खुर्चीत बसणाऱ्या त्या गड्यावर. त्याला काढा ना! तिची सही आणि त्याचा हात काढा. तुम्ही काढता ती गॉगलवाली, आणि तो मात्र चित्रातून सुटून ओट्याशी बिचारा होऊन उभा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बाई घराबाहेर पडली की घर बुडतं, या गृहीतकावर तर अख्खं चित्र उभं आहे. आमच्या माहुलात ते गृहीतक टिकतच नाही. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून २०१७ मध्ये हजारो कुटुंबांना इथल्या इमारतींत आणून टाकलं. कारखान्यांच्या धुराला कंटाळून त्यांतली माणसं २०१८ मध्ये विद्याविहारला पदपथावर ठिय्या देऊन बसली, आणि बाया त्यात पुढे होत्या. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं, महिना पंधरा हजार भाडं आणि पंचेचाळीस हजार अनामत द्या. सभेला उशीर होतोय म्हणणाऱ्या बायांना उशीर होत होता तो यासाठी.

गावातलं सांगायचं तर, ग्रुपवरचं चित्र मी शेजारच्या मावशीला दाखवलं. साठी कधीच उलटलेली. खाडीत पूर्वीसारखी मासळी राहिली नाही, म्हणून पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन माल उचलते आणि चेंबूरला पाटी लावते. व्यंगचित्रांत कोळीण म्हणजे कमरेवर हात आणि तोंडात शिव्या. ही मावशी हिशेब करताना ओठसुद्धा हलवत नाही. पैसा तिच्या कनवटीला, घरात काय आणायचं ते ती ठरवते, आणि हे तिच्या सासूच्या वेळेपासून असंच. तिनं फोन लांब धरला, डोळे बारीक केले, बराच वेळ बघितलं.

"मंग?" म्हणाली.

"हसायचंय त्याला."

"कशाला? पोर घेतलंय, कुकर लावलाय. दूध तेवढं बघायला पायजे होतं त्यानं." फोन माझ्या हातात देत ती पाटी धुवायला लागली. "आमचा म्हातारा रोज भात टाकतो. मी बाजाराला गेल्यावर त्यानं काय उपाशी बसायचं?"

चित्रबंदी करा, माफी मागायला लावा, असलं काही मला नको आहे. इंग्लंडमध्ये मताची मागणी करणाऱ्या बायकांनी 'पंच' बंद पाडायला मोर्चा नेला नाही. १९०७ मध्ये आर्टिस्ट्स सफ्रेज लीग काढली आणि स्वतः पोस्टर, कार्डं रंगवायला बसल्या. आपल्या मुंबईत १९८२ मध्ये मंजुळा पद्मनाभन यांची 'सुकी' ही चित्रमालिका 'संडे ऑब्झर्व्हर'मध्ये आली. बाईनं काढलेली बाई, कुणाची बायको म्हणून नव्हे, स्वतःच्या डोक्यानं वैतागणारी. ती इंग्रजीत आली. मराठीत तशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही सापडत नाही, याची लाज चित्रकारांहून जास्त संपादकांना वाटायला हवी.

तेव्हा संपादकांनाच सांगते. दिवाळी अंकांची चित्रं तुम्ही पावसाळ्यातच मागवता. या वर्षी एका चित्रकाराला, चित्रकर्ती असेल तर फारच छान, माहुलला पाठवा. मावशी बाजारातून दोनच्या सुमाराला येते, तुम्ही बाराला या. म्हातारा पडवीत जाळं सांधत बसलेला असेल, मधेच उठून तांदूळ धुवेल. त्याला ओट्याशी बघून घ्या आणि आहे तसा काढा. दूध मात्र उतू जाताना काढू नका. तो जाऊ देत नाही.