टाके निघाले, पुढे काय?

मैत्रिणींनो, या खेपेला उन्हाळी पापडांवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पापड आज राहू देत. साताऱ्याच्याच एका भगिनीचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवून मला पोह्यांचे पापड सुचेनात.

तिचे यजमान एका कारखान्यावर वॉचमन होते. रात्रपाळीत डोक्याला जबर मार लागला. ऑपरेशन झालं, टाके निघाले, डॉक्टरांनी घरी सोडलं. आता जो तो येऊन म्हणतो, ‘नशीबवान आहेस गं, देवानं कुंकू राखलं.’ ती बिचारी मान डोलावते. आणि मला लिहिते, की ताई, कुणाला सांगू नका, पण घरी आलाय तो माणूस आमचा वाटत नाही.

मी हे कुणाला सांगणार नव्हते. पण अगदी हेच वाक्य मी माझ्या धाकट्या भावजयीच्या तोंडून ऐकलंय, सांगलीला, मोरीत भांडी घासताना. तेव्हा म्हटलं, सांगावंच. अशा कितीतरी जणी मान डोलावत असतील.

माझा भाऊ कुपवाडच्या एमआयडीसीत एका गेटवर होता. आमच्या सातारा जिल्ह्यात घराघरातून लष्करात पोरं गेलेली, यालाही तेच वेड. भरतीला दोनदा गेला, दोन्ही वेळा छाती अर्धा इंच कमी भरली. मग सिक्युरिटीत लागला. पण वर्दीला इस्त्री अशी करायचा, की बाकीचे हसायचे. शिट्टीची दोरी रोज धुतलेली.

तीन वर्षांमागच्या थंडीतली गोष्ट. भंगार चोरायला आलेल्या तिघांना त्यानं हटकलं, एकानं पाइपचा तुकडा डोक्यात घातला. तो पडला, पण पाच मिनिटांत उठूनही बसला. बोलला, चहा प्यायला, गेटच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं नोंद केली. सोबत्याला वाटलं, निभावलं. पहाटे एक उलटी झाली. मग ‘झोप येतेय’ म्हणून बाकावर आडवा झाला, तेव्हा सोबत्यानं मायेनं अंगावर घोंगडी घातली. सहाला हलवून पाहिलं तर उठेना.

इथं मला जरा थांबायचंय, कारण असं कुणाच्याही घरी होऊ शकतं. पोर झोपाळ्यावरून पडतं, सासूबाई न्हाणीघरात घसरतात. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामधली रक्तवाहिनी फुटली, तर रक्त हळूहळू साचत जातं. मधले तासभर, कधी कित्येक तास, माणूस चांगला बोलतो-चालतो आणि सगळे फसतात. डोक्याला मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटका, एका बाजूचा हातपाय लुळा वाटणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नये. घोंगडी तर मुळीच घालू नये. रिक्षा बोलवावी. हळद दाबून बांधली म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हात जोडावेत आणि निघावं.

सुदैवानं मिरज जवळ. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथं इस्पितळ काढलं आणि तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव झालंय. सीटी स्कॅन झाला, गाठ काढली. मेंदूला सूज होती म्हणून कवटीचा एक तुकडा लगेच बसवला नाही. तो पोटाच्या कातडीखाली ठेवला आणि चार महिन्यांनी पुन्हा जागेवर लावला. हे ऐकून आमची आई चक्कर येऊन बसली होती. पण ही नेहमीची पद्धत आहे, त्यात भिण्यासारखं काही नाही. मात्र त्या चार महिन्यांत त्या कुशीवर झोपू द्यायचं नाही, आणि नातवंडांना जवळ उड्या मारू द्यायच्या नाहीत.

दवाखान्याच्या कागदावर ‘जीसीएस’ म्हणून एक आकडा असतो. तो विचारून घ्या. डोळे उघडणं, बोलणं आणि हातपाय हलवणं, यांना हे शुद्धीचे गुण देतात. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ही रीत घालून दिली. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आठ किंवा त्याखाली म्हणजे मार गंभीर. माझ्या भावाचे सात होते. पुढे प्रत्येक डॉक्टर पहिल्यांदा तोच आकडा विचारायचा, म्हणून भावजयीनं तो कॅलेंडरवरच लिहून ठेवला होता.

आता घरी आल्यावरचं. जखम दोन आठवड्यांत भरली. केस आले. पाहणाऱ्याला वाटावं, ठणठणीत. पण तोच प्रश्न तो दिवसातून सात वेळा विचारायचा. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालून आला की दोन तास झोप. भावजय म्हणायची, ‘वन्सं, आळशी झालेत का हो हे?’ आळस नव्हे बाई. मेंदू दमतो. भिंतीला नुसता रंग दिला, पण आतली वायरिंग जळालेली, असं ते असतं. सगळ्यांत जास्त सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, पण त्यानंतरही वर्षानुवर्षं थोडं थोडं सुधारत राहतं. सहा महिने झाले, आता काही होणार नाही, असं कुणी म्हटलं तर ते धरून बसू नका.

एक गोष्ट आमच्या फार उशिरा ध्यानात आली. त्याला वास येईना. डोक्याच्या मारात वासाच्या नाजूक नसा तुटतात. जेवण बेचव लागायचं आणि तो ताट सरकवायचा, आणि हिला वाटायचं, माझ्या हातची चव गेली. एके दिवशी आंबलेली आमटी निमूट जेवला, तेव्हा कळलं. अशा माणसाला घरात एकटं ठेवून गॅस चालू ठेवू नका, रेग्युलेटर बंद करूनच बाहेर जा. झटक्यांच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. विहीर, गच्ची, स्कूटर यांपासून डॉक्टर सांगेपर्यंत लांब. दारूचा तर थेंब नको. मित्र ‘जरा बरं वाटेल’ म्हणून घेऊन येतात. त्यांना उंबऱ्यावरूनच चहा पाजून वाटेला लावावं.

आणि राग. यावर कुणी बोलत नाही. ज्या माणसानं बायकोला कधी अगं-तुगंच्या पुढे शब्द लावला नव्हता, तो मुलांसमोर वाटेल ते बोलायला लागला. कपाळामागचा मेंदूचा भाग म्हणजे सायकलचा ब्रेक समजा. तोच दुखावला, की मनात आलेलं सरळ तोंडात येतं. बाहेर लोक म्हणाले, कुणाची तरी बाहेरची बाधा आहे. गुरुवारी अमुक ठिकाणी न्या, नारळ उतरवा. उतरवला. नारळाचं खोबरं झालं, राग होता तिथंच. मिरजेच्या डॉक्टरांनी जे सांगितलं, ते कामाला आलं. भडका उडाला की वाद घालायचा नाही, समजावायचं नाही, ‘पाणी आणते’ म्हणून खोलीतून निघून जायचं. दहा मिनिटांनी त्याला आठवतही नसे. हिला मात्र आठवे.

पण एक स्पष्ट सांगते. हात उगारला, तर ते ‘आजारी माणूस आहे’ म्हणून पदराखाली झाकायचं नाही. डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगायचं. यावर औषधं असतात. एखादा दीर, भाऊ, शेजारी यांना विश्वासात घेऊन ठेवायचं. आणि स्वतःचं मन फुटायला आलं, तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. भावजय रात्री एक वाजता तिथं बोलली, हे तिनं मला वर्षभरानं सांगितलं. मीही ननंदच ना शेवटी!

आता कागदांचं. ऑपरेशन झाल्यावर पाचव्या दिवशी ठेकेदाराचा सुपरवायझर इस्पितळात आला. सफरचंदं, दहा हजारांचं पाकीट आणि एक टाइप केलेला कागद. कागदात काय, तर घरी जिन्यावरून पडून इजा झाली. ‘वहिनी, नुसती सही, बाकी आम्ही बघतो.’ दहा हजारांची तेव्हा किती गरज होती, ते मला माहीत आहे. तिच्या गळ्यात मंगळसूत्रसुद्धा नव्हतं, गहाण होतं. तिनं सफरचंदं ठेवून घेतली आणि कागद परत दिला. म्हणाली, ‘त्यांनी रजिस्टरमध्ये नोंद केलीय स्वतः. मार लागल्यावर. ती पुसून आणा, मग सही करते.’

सातवीपर्यंत शिकलेली बाई. मला हे सुचलं नसतं.

हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढे टिकत नाही, पण अपघात घरीच झाला असं लिहून दिलंत, तर पुढं सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. म्हणून आजच, नवरा धडधाकट असताना, पाहून घ्या, की पगारातून ईएसआय कापतात का आणि कार्ड कुठं आहे. माझ्या भावाचं कार्ड होतं. कामावर झालेल्या इजेला, बरं होईपर्यंत, सरासरी पगाराच्या नव्वद टक्के मिळतात, आणि कायमचं अधूपण राहिलं तर मेडिकल बोर्ड तपासून दरमहा रक्कम ठरवतं. कार्ड नसेल, तर मालकाकडून नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क १९२३ च्या कायद्यापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत घातलेत. नाव बदललं, हक्क बुडालेला नाही. ठेकेदारानं हात वर केले, तर ज्याच्या गेटवर तो उभा होता त्याच्याकडेही मागता येतं. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रानं १९८१ साली वेगळा कायदा केला, त्यातून सुरक्षा रक्षक मंडळं आली. तेव्हा आपला माणूस मंडळाकडून लागलाय की नुसत्या ठेकेदाराकडून, हेही विचारून ठेवा. पगाराची पावती, डिस्चार्ज कार्ड, पोलिसांतल्या तक्रारीची प्रत, स्कॅनच्या फिल्मा, सगळं एका पिशवीत. आणि मुदत असते, म्हणून ‘बरे होऊ देत, मग बघू’ असं नको.

तो बरा कसा झाला, हे विचाराल. अजून पुरता झालेला नाही. पण एक जुनी हकिगत मला डॉक्टरांनी सांगितली, तिचा मला फार आधार वाटला. अमेरिकेत व्हरमाँट म्हणून प्रांत आहे. १८४८ साली तिथं रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज नावाचा मुकादम होता. सुरुंगाच्या स्फोटात साडेतीन फुटांची लोखंडी पहार गालातून शिरून डोक्यातून बाहेर गेली. तो जगला! पण स्वभाव असा बदलला, की ओळखीची माणसं म्हणायला लागली, हा तो नव्हेच. इतकंच पुस्तकातून शिकवतात. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. तो चिली देशात गेला आणि कित्येक वर्षं घोडागाडी हाकायचं काम करत होता. रोज तेच घोडे, तीच वेळ, तोच रस्ता. त्या ठरीव कामानंच तो पुष्कळ सावरला असावा, असं आता काही जाणकार म्हणतात.

आमच्याकडे तो रस्ता भावजयीनंच शोधला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, विसर पडतो तर खिशात वही द्या. छोटी डायरी आणली. त्यानं भिरकावून दिली, मी काय शाळेतला पोरगा आहे का म्हणून. दोन-तीन वह्या अशाच गेल्या. मग तिनं गणपती पेठेतून एक लांबडं, कापडी बांधणीचं रजिस्टर आणलं, गेटवर असतं तसं. पट्टीनं रकाने आखले. तारीख, वेळ, कोण आले, कशासाठी, कधी गेले, सही. बोलली काहीच नाही. दाराशी स्टुलावर ठेवलं, पेनला दोरी बांधून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद होती. ६.१०, दूध, एक लिटर. सही.

तेव्हापासून आठवण त्या रजिस्टरमध्ये राहते. गोळी घेतली का, तो स्वतः पाहतो. वाद झाला की पान उलटतो. रागसुद्धा हळूहळू उतरला, कारण आपण विसरतो याची जी भीती त्याला आतून खात होती, ती कमी झाली. असं माझं मत, डॉक्टरांचं नव्हे. गेल्या वर्षापासून एका ओळखीच्या हळदीच्या गोदामात सकाळी तीन तास पोती मोजायला बसतो. रात्रपाळी पुन्हा नाही, हे त्यानं अजून मनातून मानलेलं नाही. वर्दी ट्रंकेत आहे. महिन्या-दोन महिन्यांनी काढून इस्त्री करतो आणि परत ठेवतो. त्या वेळी भावजय त्या खोलीत जात नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला मी घरी बोलावलंय. येईलच. मधल्या काळात तिनं रजिस्टरचं करून पाहावं, यजमान जे काम करत असतील त्याच धर्तीचं. शिंप्याला मापाची वही, दुकानदाराला उधारीची.

परवा मी कऱ्हाडवरून एसटीनं सांगलीला गेले. दारात चपला काढतेय तोवर भावानं घड्याळ पाहिलं आणि रजिस्टर पुढं ओढलं. मी वाकून वाचलं. ‘११.४०. अक्का, सातारा. पिशवीत कंदी पेढे, अर्धा किलो. तपासून आत सोडले.’